गोव्यात सिव्हिल इंजिनिअर: पहिल्या नोकरीपासून स्वतःच्या सहीपर्यंत

सिव्हिल इंजिनिअरिंगचे निकाल लागले की आमच्या फोंड्याच्या ऑफिसात दोन-तीन जण हमखास येतात. कोणी फर्मागुडीच्या कॉलेजचा, कोणी शिरोड्याच्या, एखादी फातोर्ड्याहून आलेली. सोबत बहुतेक वेळा वडील, नाहीतर मामा. बसल्या बसल्या पहिला प्रश्न मामाच टाकतो, "पोराचं लायसन कधी निघेल?" पोरगा खाली बघत असतो. त्याला पगार किती मिळेल ते विचारायचं असतं, पण मामासमोर जीभ रेटत नाही.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्हींच्या आधी पोराने एक गोष्ट ठरवायला हवी: पाच वर्षांनी एखाद्या कागदाखाली सही करताना त्या कागदातलं किती आपण स्वतः पाहिलेलं, मोजलेलं असेल? पहिली नोकरी त्या हिशेबाने निवडावी, असं माझं मत. पगाराचं त्यानंतर बघू.

लायसन म्हणजे नेमकं काय

डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल, आर्किटेक्टना १९७२चा कायदा. इंजिनिअरांसाठी देशभर लागू होणारा असा कायदा आजही नाही. पदवी हातात आली की तुम्ही इंजिनिअर, तेवढ्यासाठी कुठे नोंदणी लागत नाही. पण घराचा नकाशा, स्ट्रक्चरची जबाबदारी, काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्याखाली सही करायचा अधिकार स्थानिक नियमांतून येतो. गोव्यात त्यासाठी २००८चा भूविकास व इमारत बांधकाम नियमन कायदा आणि त्याखालची २०१०ची नियमावली आहे. नोंदणी नगरनियोजन खात्याकडे, म्हणजे आपल्या बोलीत टीसीपीकडे, होते. नोंदणी क्रमांकाच्या पुढची अक्षरं बघितली की माणूस कोण ते कळतं: आर्किटेक्ट असेल तर एआर, इंजिनिअर ईआर, स्ट्रक्चरल इंजिनिअर एसई.

ईआर आणि एसई हे दोन वेगळे अधिकार आहेत, हे पुष्कळांना उशिरा कळतं. मास्टर्स केलेलं नसेल आणि तीन वर्षं फक्त प्लॅस्टर-टाइल्सच्या साइटवर गेली असतील, तर स्ट्रक्चरल नोंदणीसाठी दाखवायला हातात काही राहत नाही. म्हणून नोंदणीचा अर्ज पाचव्या वर्षी करायचा असला, तरी नियमावलीचं पात्रतेचं परिशिष्ट पहिल्याच महिन्यात वाचून ठेवा. अनुभवाची अट काय, पदवीला किती अधिकार, डिप्लोमाला किती, सगळं तिथे आहे. अर्ध्या तासाचं वाचन. मी ते चौथ्या वर्षी केलं.

यात आणखी तीन कागदांची गल्लत होते. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे कंत्राटदार म्हणून नाव नोंदवणं ही निविदा भरायची परवानगी, तिचा सहीच्या अधिकाराशी संबंध नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था 'चार्टर्ड इंजिनिअर' प्रमाणपत्र देते. त्याला मान आहे, लवादात आणि मशिनरीच्या दाखल्यांत त्याचा उपयोगही होतो, पण त्याच्या जोरावर पंचायतीत घराची फाइल पुढे सरकत नाही. तिसरा मूल्यांकनकाराचा, त्याच्याकडे मग येऊ.

पहिली नोकरी

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, कुठे टेस्ट होतात? बिलाची मापं कोण घेतं? आरसीसी ड्रॉइंग कुठून येतं, आणि शंका आली तर त्या माणसाशी मला थेट बोलता येईल का? समोरचा क्यूबच्या प्रश्नावर हसला, तर पगार दोन हजारांनी जास्त असला तरी उठा.

पहिलं दीड-दोन वर्ष साइट, असा माझा आग्रह आहे, आणि त्यात एक पूर्ण पावसाळा यायलाच हवा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात ठणठणीत वाटलेला पाया जुलैत कसा दिसतो, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीतून पाणी कुठून झिरपतं, चिऱ्याच्या कडक थराखाली लागलेली पिवळट-पांढरी मऊ माती पाणी पिऊन कशी लोण्यासारखी होते, हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. वरचा चिरा कुदळीला दाद देत नाही म्हणून "इथे काय, पाषाण आहे" असं म्हणणारे मेस्त, म्हणजे मिस्त्री, तुम्हाला भेटतील. त्यांचा मान ठेवा आणि बोअर मारून खालची माती बघून घ्या.

कंपनी मोठी की छोटी? मांडवीवरचा अटल सेतू २०१९च्या जानेवारीत खुला झाला, पाठोपाठ झुआरीचा नवा पूल आला. अशा कामांवर शिस्त शिकायला मिळते, पण दोन वर्षं एकाच खांबाच्या सळया मोजण्यातही जाऊ शकतात. छोट्या बिल्डरकडे जमिनीवरच्या आखणीपासून, म्हणजे लाइनआउटपासून, पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं हाताखालून जातं, मात्र चुकीच्या सवयीही तिथेच लागतात. स्वतःचं ऑफिस थाटायचं मनात असेल तर छोटी-मध्यम कंपनी बरी, असं मला वाटतं. पुलांतच राहायचं असेल तर मोठीच.

सरकारची अप्रेंटिसशिप योजनाही आहे, पदवीधरांसाठी एक वर्षाची. विद्यावेतन बेताचं, पण सरकारी खात्यात संधी मिळाली तर मेजरमेंट बुक, म्हणजे कामाच्या मापांची वही, कशी लिहितात, अंदाजपत्रक गोव्याच्या दरसूचीतून कसं बांधतात, हे आयतं शिकायला मिळतं. नोकरी हाती नसेल तर हे वर्ष वाया गेलं असं समजू नका.

स्लॅबचा एक दिवस

साइटवर शिकायचं म्हणजे काय ते एका स्लॅबवरून सांगतो. घर समुद्रापासून फार लांब नाही, स्लॅब-बीम मिळून वीस घनमीटर काँक्रीट.

आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवर चढा. सोबत ड्रॉइंग, टेप आणि खडू. सळयांचा व्यास आणि अंतर बघालच, पण मुख्यतः कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, बघा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये किनाऱ्याच्या हवेतलं उघडं काँक्रीट 'सिव्हिअर' गटात येतं. त्याला किमान एम३० ग्रेड, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५च्या वर नाही, आणि कव्हर ४५ मिलिमीटर. साइटवर बघाल तर वीस-पंचवीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक पडलेले असतात, कारण दुकानात तेच मिळतात. कुठे कुठे चिऱ्याची खपली सरकवलेली असते. ती काढायला लावा. १९८६च्या ५ जुलैला मांडवीवरचा जुना पूल कोसळला, त्याला दोन दशकंही झाली नव्हती, आणि आतल्या ताणलेल्या केबल गंजल्या होत्या. घराच्या बाल्कनीत एवढं नाट्य होत नाही. सात-आठ वर्षांनी खालचं प्लॅस्टर फुगतं, सळईचा तांबूस डाग उमटतो आणि मालक तुमचा फोन नंबर शोधू लागतो.

बाल्कनी म्हटलं की आणखी एक. कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एकाच बाजूने टेकलेल्या स्लॅबची, मुख्य सळई वर असते. सकाळी काँक्रीटवाले त्याच जाळीवर पाय देऊन चालतात आणि ती खाली बसते. खाली खुर्च्या, म्हणजे जाळी वर धरणाऱ्या वाकवलेल्या सळया, आहेत की नाही हे हाताने दाबून बघा. मी आजही दाबून बघतो, आणि फिटर आजही माझ्याकडे वेड्यासारखं बघतो.

सकाळी गाडी आली की चलनावरची वेळ लिहा, स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप, घ्या. ट्रान्झिट मिक्सरचा ड्रायव्हर पाण्याचा पाइप हातात घेऊन तुमच्याकडे बघेल, पंपवाला म्हणेल "सर, जड चाललंय". त्या क्षणी नाही म्हणायचं, हेच पहिल्या वर्षाचं खरं शिक्षण. काँक्रीट पातळ हवं तर प्लांटला फोन करून मिश्रणद्रव्याचं बघायला सांगा. उगाच ओतलेलं पाणी ताकद खातं.

वीस घनमीटरला आयएस ४५६प्रमाणे तीन नमुने, प्रत्येकाचे तीन ठोकळे, म्हणजे नऊ. ते २८ दिवसांचे. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर जादा भरा. ठोकळ्यावर तारीख आणि जागा ओल्यातच कोरा. आणि एकदा तरी स्वतः लॅबमध्ये जाऊन ठोकळा फुटताना बघा. सुई वर चढत जाते, थबकते, मग कोपऱ्यातून एक चीर धावते. त्या आकड्यावर तुमचा विश्वास नंतर वेगळाच असतो.

मग पाणी मारणं. आपल्याकडे बहुतेक घरांना पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंट वापरतात. त्याला किमान दहा दिवस, चौदा उत्तम. मेस्त पाचव्या दिवशी विचारेल, "खालचे टेकू काढू?" साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला कोडप्रमाणे सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, सहा मीटरवरच्या बीमला एकवीस. हे साध्या सिमेंटचे, म्हणजे ओपीसीचे, आकडे आहेत, मिश्र सिमेंट असेल तर आणखी थांबा.

हे सगळं रोज रात्री डायरीत. जाड पुठ्ठ्याची साधी वही पुरते. तारीख, हवामान, किती मजूर, काय ओतलं, कोणाशी काय बोलणं झालं. पाच वर्षांनी अनुभवाचा दाखला मागायला जाल तेव्हा कंपनीत ओळखीचं कोणी उरलं नसेल. कामांची यादी तुमच्या वहीत असेल, तर दाखला एका दुपारीत टाइप होतो.

मग डिझाइन ऑफिस

साइटनंतर दीड-दोन वर्षं स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काढा, पगार कमी झाला तरी. ईटॅब्स किंवा स्टॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं. उत्तर चुकलेलं ओळखायला वर्ष जातं. माझ्या गुरूंनी मला सहा महिने एकच शिस्त लावली होती: कॉम्प्युटरने दिलेला प्रत्येक मोठ्या बीमचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, आधी पेन्सिलीने काढायचा. सरळ टेकलेला बीम असेल तर दर मीटरवरचा भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ. दोन आकड्यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक दिसला की चहा बंद, आधी कारण शोध. एकदा फरक तिप्पट निघाला. मी चिऱ्याच्या भिंतीचा भार टाकायलाच विसरलो होतो.

२०१६च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडप्रमाणे गोवा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतो. "आपल्याकडे कुठे भूकंप होतो" असं म्हणून डक्टाइल डिटेलिंगकडे, म्हणजे धक्क्यात खांब-बीम न तुटता वाकावेत अशा सळयांच्या मांडणीकडे (आयएस १३९२०), काणाडोळा करणारी ऑफिसं आहेत. अशा ठिकाणी डिझाइन शिकू नका. रिंगचा हुक १३५ अंशांत वाकवायला फिटर कुरकुरतो, हे त्याच्यासमोर उभं राहून समजून घ्या आणि तरीही वाकवून घ्या.

आता बहुतेक बंगल्यांखाली गाड्यांसाठी मोकळे खांब असतात, वर भिंतींनी गच्च भरलेले मजले. अशा मऊ तळमजल्याचा धोका कोडमध्ये सविस्तर दिला आहे. तेवढा भाग तरी पाठ करा.

फाइल कशी चालते

गोव्यातला तरुण इंजिनिअर मागे पडतो तो बहुतेक इथे. डिझाइन येतं, फाइल येत नाही. निदान एक घर सर्वे नंबरापासून ऑक्युपन्सीपर्यंत, म्हणजे राहायच्या दाखल्यापर्यंत, स्वतः पायपीट करून नेल्याशिवाय स्वतंत्र ऑफिस उघडू नका.

सुरुवात एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्याने. शहरात असाल तर शहरी सर्वेचा चलता नंबर आणि पीटी शीट. उताऱ्यावर मालकाचं नाव बघून थांबू नका, कुळाचा रकाना वाचा. कुळकायद्याने कुळाकडे गेलेल्या जमिनीचा वापर बदलायला १९९१च्या भूवापर नियमन कायद्याने मज्जाव आहे, तिथे तुमचं ड्रॉइंग कितीही देखणं असलं तरी काही चालत नाही. आवारात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर आहे का? पारंपरिक वाट जाते का? प्लॉटच्या कडेला बांध आणि पलीकडे खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल शेतजमीन, असेल तर सावध. भरतीचं पाणी पोचतं तिथवर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र, पोचतो, आणि आपल्या नद्यांत भरती आत कित्येक मैल चढते. समुद्र दिसत नाही म्हणून सीआरझेड नाही, असं समजणाऱ्या क्लायंटला आधी होडीत बसवा.

मग झोनिंग. प्रादेशिक आराखडा २०२१मध्ये गाव वीपी-१ या वर्गात असेल तर एफएआर, म्हणजे प्लॉटच्या मानाने बांधायचं क्षेत्रफळ, ८०, वीपी-२मध्ये असेल तर ६०. पुण्या-मुंबईचे मित्र एफएसआय म्हणतात, आपल्या फाइलवर एफएआर लिहिलं जातं, तेही शेकड्यात. जमीन अजून शेतीची असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ३२खाली रूपांतराची सनद घ्यावी लागते. पंचायत हद्दीत टीसीपीची तांत्रिक मंजुरी, मग आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. पीडीएच्या, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत आधी पीडीए, मग पालिका. काम झाल्यावर उलट्या वाटेने पूर्णत्वाचा दाखला आणि ऑक्युपन्सी.

या फाइलीत तुमच्या सहीचे कागद कोणते ते बघा. ज्या खर्चावर परवान्याचं शुल्क ठरतं ते अंदाजपत्रक, स्ट्रक्चरल लायबिलिटीचा दाखला, आणि शेवटी स्टॅबिलिटीचा. तीन पानं. लोक त्यांना फॉर्मॅलिटी म्हणतात.

पंचायत सचिवाशी, टीसीपीच्या ड्राफ्ट्समनशी नीट बोलायला शिका. आदरयुक्त कोकणी-मराठीत, आणि हातात पूर्ण कागद घेऊन. फाइल अडते ती बहुतेक वेळा एखादा सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायचं अंतर, लिहायचा राहिला म्हणून. प्रत्येक वेळी त्यामागे कोणाचा हात शोधू नका. काही वेळा असतो, तो अनुभवाने कळतो.

सरकारी नोकरी, गेट, गल्फ

घरच्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे असणारच. असिस्टंट इंजिनिअरची पदं गोवा लोकसेवा आयोग भरतो, ज्युनिअर इंजिनिअरच्या पातळीची भरती कर्मचारी निवड आयोगाकडे. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदारांकडून आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर रांगेत उभं राहू नका. कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम, अशी अट असते. आपल्यासारख्यांना ती दुसरी ओळ आयती मिळते. तयारी करायची तर करा, पण नोकरी सोडून, खोलीत बसून तीन वर्षं जाहिरातीची वाट बघू नका. साइटवर असताना आयएस कोड रोज हाताळला जातो, आणि परीक्षेलाही तोच विचारतात.

एमटेकच्या प्रवेशाला लागणाऱ्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो. शेवटच्या वर्षी परीक्षा देऊन ठेवा, वर्षभर साइट करा, मग एमटेकला जायचं की नाही ते ठरवा. साइट न बघता थेट एमटेक केलेली मुलं हुशार असतात, पण सळई बांधायला फिटरचा हात जाईल एवढी जागा सोडायची असते हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं. केंद्राच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेला वयाची मर्यादा तीस आहे, तेवढं लक्षात ठेवा.

गल्फला जायचं तर पदवीचं साक्षांकन आणि तिथल्या संस्थेकडे नोंदणी, ही दोन कामं निघण्यापूर्वी समजून घ्या. सौदीत इंजिनिअर्स कौन्सिलची नोंदणी सक्तीची आहे. कुवेतमध्ये पदवी एनबीए (राष्ट्रीय मान्यता मंडळ) मान्यताप्राप्त आहे का ते बघतात, आणि त्यापायी बऱ्याच वर्षांच्या अनुभवी माणसांची पंचाईत झाली. तुमच्या बॅचच्या वर्षी तुमच्या शाखेला ती मान्यता होती का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. कॉलेजचं मोठं नाव तिथे चालत नाही, वर्ष आणि शाखा बघतात.

नोंदणीचा अर्ज

आता मामाच्या प्रश्नाकडे. अर्जाच्या आधी महिनाभर फाइल बांधा. पदवी आणि गुणपत्रिका, जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि अनुभवाचे दाखले. सगळं वजन या शेवटच्यात आहे. "अमुक यांनी आमच्याकडे तीन वर्षं समाधानकारक काम केले" हा दाखला निरुपयोगी. त्यात इमारतीचा प्रकार, मजले, क्षेत्रफळ, गाव, तुमचं नेमकं काम आणि काळ असावा, आणि खाली सही करणाऱ्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक. स्ट्रक्चरल नोंदणी हवी असेल तर डिझाइनचा काळ वेगळा दाखवा. दोन्ही ठिकाणी काम केलं असेल तर दोन स्वतंत्र दाखले घ्या, आणि नोकरी सोडतानाच घ्या. भांडून सोडलेल्या मालकाकडे परत जाणं किती जिवावर येतं ते मला विचारा.

नोंदणी मिळाली की मुदत कॅलेंडरवर लिहा. संपलेल्या नोंदणीवर केलेली सही पुढे कोर्टात पहिली दाखवली जाते. रबर स्टॅम्प एकच बनवा आणि तो ऑफिसच्या कपाटात कुलपात. ड्राफ्ट्समनच्या ड्रॉवरमध्ये मुळीच नको.

पाच वर्षं झाल्यावर मालमत्तेच्या मूल्यांकनाचा विचार करायला हरकत नाही. २०१७च्या नियमांप्रमाणे सिव्हिल पदवीधराला पाच वर्षांचा अनुभव, पदव्युत्तराला तीन, मग मान्य संस्थेचा पन्नास तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. जमीन व इमारत या वर्गात नोंदणी होते. पाऊसकाळात बांधकाम थंडावलं की या कामाचा आधार होतो.

रेराचंही, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याचंही, काम येईल. पाचशे चौरस मीटरवरच्या किंवा आठांहून जास्त फ्लॅटच्या प्रकल्पात ग्राहकांचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहतात, आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. म्हणजे "काम चाळीस टक्के झालं" या तुमच्या ओळीवर लोकांचे पैसे बँकेतून हलतात. बिल्डर म्हणेल पंचेचाळीस लिहा. मापं घ्या, फोटो जोडा, चाळीसच लिहा. त्याच प्रकल्पात तुम्ही कंत्राटदारही असाल तर हा दाखला देऊच नका.

तीन हजारांची सही

माझी नोंदणी होऊन वर्ष झालं नव्हतं. एक ओळखीचा मध्यस्थ फाइल घेऊन आला. बार्देशातल्या एका गावात जुन्या घराला मागे दोन खोल्या वाढवायच्या होत्या. लायबिलिटीचा दाखला टाइप केलेला, माझं नाव, नंबर, सगळं तयार. "बाब, फकत सय. तुका तीन हजार." ड्रॉइंगवर नजर टाकली, साधंच होतं. सही केली. घर बघितलं नाही. ड्रॉइंगची प्रतही ठेवली नाही.

दोन वर्षांनी पंचायतीची नोटीस आली. मालकाने त्या दोन खोल्यांवर आणखी मजला चढवला होता, शेजाऱ्याच्या भिंतीला तडे गेले होते, आणि शेजाऱ्याने तक्रार केली होती. पंचायतीत गेलो. कारकुनाने फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली, सहीवर बोट ठेवलं, आणि निळ्या शाईतली माझी सही मला अनोळखी वाटली. दाखल्यावर मजल्यांचा उल्लेखच नव्हता. मी काय मोजून जबाबदारी घेतली होती, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग स्वखर्चाने दोन खड्डे मारून पाया बघितला. ड्रॉइंगमध्ये चार फूट खोल दाखवलेला पाया दोन फुटांवर चिऱ्यांवर टेकवलेला होता. जादा मजला उतरवेपर्यंत मला नीट झोप नव्हती. २०१४च्या ४ जानेवारीला काणकोणच्या चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जणांचा जीव गेला, तेव्हा बिल्डरबरोबर इंजिनिअर आणि अधिकारीही पोलिसांच्या यादीत आले. ती बातमी वाचताना मला त्या कारकुनाचं बोट आठवलं.

तेव्हापासून सहीचं एक रजिस्टर आहे, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी ते पहिल्या दिवशी दाखवतो. अनुक्रमांक, तारीख, सर्वे नंबर, गाव, ड्रॉइंगचा क्रमांक आणि सुधारणा, मजले किती, साइटला कधी गेलो, फी किती, प्रत कुठे. दाखल्यातच स्पष्ट लिहायचं: "तळमजला अधिक एक मजला एवढ्यापुरताच, वर वाढ केल्यास हा दाखला रद्द समजावा." पाया उघडा असताना स्वतः फोटो काढायचा, शेजारी टेप धरून. साइट न दाखवणाऱ्याला नाही म्हणायचं, मग तो नात्यातला असो. नात्यातल्याला आधी. आणि काम अर्ध्यात दुसऱ्याच्या हाती गेलं, तर आपण त्या कामावर नाही असं टीसीपीला आणि पंचायतीला लेखी कळवून पोच घ्यायची.

फीचं म्हणाल तर ती दाखल्याची घेऊ नका, भेटींची घ्या. पाया, प्लिंथ, प्रत्येक स्लॅब, एवढ्या भेटी पत्रात लिहून द्या. क्लायंट घासाघीस करेल, पण त्याला काय मिळतंय ते दिसेल. इंडेम्निटी विमा, म्हणजे कामातल्या चुकीच्या भरपाईसाठीचा, घेता येतो, तोही बघा. उत्पन्न वीस लाखांच्या पुढे जायला लागलं की जीएसटीसाठी सीएला गाठा, त्याआधी साधी पावतीची वही आणि वेगळं बँक खातं पुरे.

तो मध्यस्थ अजूनही बाजारात भेटतो, "बाब, कसो आसा?" म्हणून हसतो. रजिस्टर मी त्या प्रकरणानंतर सुरू केलं, पण पहिल्या ओळीवर जुनी तारीख घालून तेच घर लिहिलं आहे. साइटला भेटीचा रकाना रिकामा. फी तीन हजार. बाजूला लाल शाईत दोन खड्ड्यांची मजुरी.